ऑर्डरची वाट पाहण्यात गेलेला वेळही कामाचाच वेळ आहे

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर लागू झाल्या, तेव्हापासून ‘गिग कामगारांना कायद्याचे संरक्षण मिळाले’ अशा आशयाच्या बातम्या आणि लेख सातत्याने वाचनात येत आहेत. घरोघरी जेवण, किराणा व पार्सले पोचवणाऱ्या आणि अ‍ॅपवरून मिळणाऱ्या भाड्यावर रिक्षा-टॅक्सी चालवणाऱ्या माणसांचा उल्लेख केंद्रीय कायद्यात प्रथमच आला, ही गोष्ट खरी आहे आणि तिचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु या कामगारांना आता किमान वेतनही मिळणार, असा समज माझ्या ओळखीच्या बऱ्याच सुशिक्षित लोकांत पसरलेला मला दिसला. तो चुकीचा आहे. या पत्राचा विषय तेवढाच आहे, पण तो जरा विस्ताराने मांडावा लागेल, म्हणून जागेबद्दल आधीच क्षमा मागते.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गिग कामगाराची व्याख्याच मुळी ‘मालक आणि नोकर या पारंपरिक नात्याच्या बाहेर राहून काम करणारी व त्यातून कमावणारी व्यक्ती’ अशा अर्थाची आहे. या व्यक्तींसाठी आयुर्विमा, अपघात, आरोग्य, मातृत्व, वृद्धापकाळ अशा योजना आखता येतील आणि त्यासाठी अ‍ॅग्रिगेटर (म्हणजे अ‍ॅप चालवणाऱ्या) कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यावी, मात्र ती कामगारांना दिलेल्या किंवा देय असलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावी, अशी तरतूद त्यात आहे. किमान वेतनाचा विषय या संहितेत नाही. तो वेतन संहिता, २०१९ मध्ये आहे, आणि तिथे किमान वेतनाचा हक्क ‘कर्मचाऱ्याला’ दिलेला आहे. म्हणजे एका संहितेने या माणसांना मालक-नोकर नात्याच्या बाहेर उभे केले आणि दुसरीने किमान वेतन त्या नात्याच्या आत असणाऱ्यांपुरते राखले. दोन्ही संहिता शेजारी ठेवून वाचल्या म्हणजेच मधली फट दिसते. राजस्थानने २०२३ मध्ये या कामगारांसाठी देशातला पहिला कायदा केला, कर्नाटकाने २०२५ मध्ये केला. दोन्ही ठिकाणी नोंदणी, कल्याण मंडळ आणि कल्याण निधी आहे, पण तासाला वा दिवसाला अमुक रकमेपेक्षा कमी मोबदला देता येणार नाही, असे दोन्ही कायद्यांत कुठेही म्हटलेले नाही. नीती आयोगाने जून २०२२ च्या अहवालात देशातील गिग कामगारांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख धरली होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा अंदाज दिला होता. एवढ्या माणसांच्या रोजच्या कमाईला खालून कसलाही आधार नाही.

माझा या विषयाशी संबंध दोन बाजूंनी येतो. मी एका पतसंस्थेत हिशेबनीस म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहे, आणि माझ्या बहिणीचा मुलगा गेली काही वर्षे नाशिकमध्ये मोटारसायकलवरून जेवण पोचवण्याचे काम करतो. मागच्या पावसाळ्यात तो माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, “मावशी, अ‍ॅपवर कमाई चांगली दिसते, पण महिनाअखेरीला हातात काही राहत नाही.” हिशेबाची सवय असल्यामुळे मी त्याला एक वही आखून दिली आणि पंधरा दिवस तरी सगळ्या वेळा लिहून ठेव, असे सांगितले. लॉगिन किती वाजता केले, ऑर्डर किती वाजता आली, हॉटेलच्या दारात किती वाजता पोचला, पुडके हातात किती वाजता पडले, ग्राहकाच्या दारात किती वाजता दिले, आणि गाडीच्या मीटरवरचे किलोमीटर, असे रकाने होते. त्याने ती वही पावसात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सांभाळली आणि प्रामाणिकपणे भरली.

त्या वहीतून मला जे कळले ते अ‍ॅपच्या पडद्यावर कुठेच दिसत नाही. अ‍ॅप दिवसाची कमाई दाखवते, ऑर्डरची संख्या दाखवते आणि ‘ऑर्डरवर असतानाचा वेळ’ दाखवते. वहीत मात्र कॉलेज रोडवरच्या एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून काढलेली दुपार होती. संध्याकाळच्या गर्दीत हॉटेलचा पदार्थ तयार होईपर्यंत दाराबाहेर उभे राहून काढलेली वीस-पंचवीस मिनिटे होती. पाथर्डी फाट्याच्या पलीकडे ऑर्डर देऊन झाल्यावर तिथून दुसरी ऑर्डर मिळत नाही म्हणून रिकामे परत आल्याचे किलोमीटर होते. यांतल्या कशाचेही पैसे मिळालेले नव्हते. आणि तरीही या सगळ्या वेळात तो घरी नव्हता, दुसरे काम करू शकत नव्हता, फोन खिशात ठेवून डुलकीही घेऊ शकत नव्हता, कारण आलेली ऑर्डर काही सेकंदांत स्वीकारली नाही तर ती दुसऱ्याकडे जाते आणि नाकारलेल्या ऑर्डरची नोंद राहते.

हिशेब कसा फिरतो ते दाखवण्यासाठी एक उदाहरण मांडते. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, पण ते वस्तुस्थितीपासून फार दूर नाहीत, हे या कामातली माणसे ओळखतील. समजा, एक मुलगा सकाळी ११ ते रात्री ११ असे १२ तास लॉगिन राहिला, त्याने २० ऑर्डरी पोचवल्या आणि प्रत्येकीचे सरासरी ४० रुपये मिळाले. दिवसाची कमाई ८०० रुपये झाली. प्रत्येक ऑर्डरवर सरासरी २४ मिनिटे गेली असे धरले तर ऑर्डरवरचा वेळ ८ तास होतो, आणि कंपनी ‘आमच्याकडे तासाला १०० रुपये मिळतात’ असे म्हणू शकते. आता गाडीचा हिशेब घ्या. हॉटेलपर्यंत जाणे, ग्राहकापर्यंत जाणे आणि परत येणे धरून दिवसाला १२० किलोमीटर झाले. लिटरला ४५ किलोमीटरच्या सरासरीने आणि १०५ रुपये दराने पेट्रोलचे २८० रुपये गेले. टायर, ऑइल, ब्रेक, विमा आणि गाडीची झीज यांसाठी किलोमीटरला १ रुपया धरला तर आणखी १२० गेले. उरले ४०० रुपये, तेही १२ तासांचे, म्हणजे तासाला ३३ रुपये. फोनचे रिचार्ज आणि गाडीच्या कर्जाचा हप्ता यांत मी धरलेला नाही. तासाला १०० आणि तासाला ३३ हे दोन्ही आकडे एकाच दिवसाचे आहेत. पहिल्यात वाट पाहण्याचा वेळ आणि वाहनाचा खर्च सोडून दिला आहे, दुसऱ्यात दोन्ही मोजले आहेत. म्हणून ‘किमान वेतन द्या’ एवढेच म्हणून भागणार नाही. ते कोणत्या वेळेवर मोजायचे आणि कोणता खर्च वजा करून मोजायचे, हे कायद्यात लिहिले गेले नाही तर किमान वेतनाचा नियमही कागदावर पाळला जाईल आणि कामगाराच्या हाती काही पडणार नाही.

यावर नेहमी असे उत्तर दिले जाते की हे लोक नगावर काम करतात, मनात येईल तेव्हा येतात आणि जातात, त्यांना तासाचे वेतन लावणारच कसे? हा प्रश्न मला नवा वाटत नाही, कारण मी सिन्नरच्या एका विडी कामगार बाईची मुलगी आहे.

माझी आई घरी विड्या वळत असे. कारखान्यातून पाने, तंबाखू आणि दोरा तोलून मिळत असे. पाने भिजवायची, पुसायची, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची आणि मग सूप मांडीवर घेऊन वळायला बसायचे. मोबदला मात्र हजार विड्यांमागे होता. पाने भिजवण्याचा, कापण्याचा, माल घेऊन कारखान्यापर्यंत चालत जाण्याचा आणि तिथे रांगेत उभे राहण्याचा वेळ त्या दरात कुणी वेगळा धरीत नसे. लहानपणी तिच्याबरोबर मीही त्या रांगेत उभी राहत असे. खिडकीतला माणूस जुड्या हातात घेऊन बघायचा आणि ज्या पसंत पडत नसत त्या ‘छाट’ म्हणून बाजूला टाकायचा. छाटीचे पैसे मिळत नसत आणि का छाटली हे विचारायची सोय नसे. आज भाच्याच्या फोनवर ‘तुमचे रेटिंग कमी झाले आहे’ असा संदेश येतो आणि कोणत्या ग्राहकाने, कशासाठी, हे समजत नाही, तेव्हा मला ती खिडकी आठवते.

विडी उद्योगातही मालकांचे म्हणणे हेच होते की या बाया व माणसे आमचे कामगार नाहीत. ती आपल्या सवडीने काम करतात, आम्ही फक्त तयार मालाचे पैसे देतो. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि वर्षभराच्या आत दोन प्रकारचे निर्णय झाले. नागपूरच्या बिरधीचंद शर्मा खटल्यात न्यायालयाने असे मानले की विडी वळणारा कधीही येऊ-जाऊ शकत असला आणि नगावर पैसे घेत असला, तरी खराब माल नाकारण्याचा अधिकार मालकाकडे आहे, म्हणजे कामावर नियंत्रण आहे, म्हणून तो कामगारच आहे. पुढे ऑक्टोबर १९६१ मध्ये शंकर बालाजी वाजे खटल्यात बहुमताने उलट निष्कर्ष निघाला, कारण तिथे कामाच्या वेळेवर मालकाचे नियंत्रण दिसत नव्हते. आज अ‍ॅप कंपन्यांचे वकील जे मुद्दे मांडतात, ते या दोन निकालांच्या कागदांत पासष्ट वर्षांपूर्वीच मांडले गेले आहेत.

तो गुंता अखेर संसदेने सोडवला. विडी व सिगार कामगार (नोकरीच्या शर्ती) अधिनियम, १९६६ या कायद्याने कच्चा माल घेऊन घरी विड्या वळणाऱ्यांनाही ‘कर्मचारी’ या व्याख्येत घेतले. नात्याचे स्वरूप काय आहे यावर कोर्टात वर्षानुवर्षे वाद घालत बसण्याऐवजी, ज्या माणसाच्या कष्टावर धंदा चालतो तो माणूस कायद्याच्या आत आहे, असे व्याख्येतच लिहून टाकले. मालकांनी या कायद्यालाही आव्हान दिले, परंतु १९७४ मध्ये मंगलोर गणेश बिडी वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. साधारणपणे शेकडा ५ पेक्षा अधिक विड्या छाटता येऊ नयेत, असे बंधनही या कायद्याखालच्या नियमांत आले. त्या खिडकीतल्या माणसाच्या मर्जीला कायद्याने घातलेली ती मर्यादा होती. नियम झाला म्हणून खिडकीवरचा अन्याय एका दिवसात थांबला नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, पण बोट ठेवायला एक ओळ मिळाली आणि युनियनने ती ओळ वापरली.

नगावरच्या कामाला किमान वेतन लावण्याची रीतही आपल्याकडे १९४८ पासून आहे. किमान वेतन अधिनियमाच्या कलम ३ मध्ये वेळेनुसार किमान दर, नगानुसार किमान दर, आणि नगावर काम करणाऱ्याला वेळेच्या हिशेबाने ठरावीक रकमेची हमी देणारा दर, असे वेगवेगळे दर ठरवण्याचा अधिकार सरकारला दिला होता. विड्या बनवण्याचे काम त्या कायद्याच्या अनुसूचीत होते आणि हजार विड्यांचा दर त्याखाली ठरत आला. वेतन संहितेच्या कलम ६ मध्येही नगावरच्या कामासाठी वेळेच्या हिशेबाने किमान दराची हमी देण्याची तरतूद कायम ठेवलेली आहे. तेव्हा ऑर्डरवर किंवा फेरीवर पैसे मिळतात म्हणून किमान वेतन लावता येत नाही, हे म्हणणे कायद्याच्या इतिहासाला धरून नाही. अडचण फक्त व्याख्येची आहे, आणि व्याख्या बदलणे हे विधिमंडळाचे व संसदेचे काम आहे.

दुसरी हरकत अशी घेतली जाते की एकच माणूस दोन-तीन अ‍ॅपवर एकाच वेळी लॉगिन असतो, मग त्याच्या रिकाम्या वेळेचे पैसे कोणी द्यायचे? ही हरकत खरी आहे आणि ती झटकून टाकता येणार नाही. पण महाराष्ट्राने हा प्रश्नही एकदा सोडवून दाखवलेला आहे. मुंबईच्या बाजारांत आणि गोदीच्या परिसरात पाठीवर ओझी वाहणारा माथाडी कामगार सकाळी एका व्यापाऱ्याचा माल उतरवी आणि दुपारी दुसऱ्याचा भरी. त्याचा एक असा मालक कोण, हे सांगता येत नसे, आणि म्हणून कोणीच त्याची जबाबदारी घेत नसे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यातून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा आला. त्याने मालक शोधण्याचा खटाटोप केला नाही. मंडळे नेमली, कामगारांची आणि व्यापाऱ्यांची दोघांचीही नोंदणी सक्तीची केली, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (मजुरीच्या टक्केवारीत भरायची वर्गणी) मंडळाकडे भरायला लावली, आणि ज्याचे जेवढे काम त्याने तेवढा भार उचलायचा, ही वाटणी मंडळाकडे सोपवली. भविष्य निर्वाह निधी, उपदान, रजेचा पगार या गोष्टी हमालाला मिळू लागल्या त्या या व्यवस्थेतून. माथाडी मंडळांच्या कारभारात पुढे दोष शिरले, काही ठिकाणी तर खंडणीखोर टोळ्यांनी माथाडींचे नाव बदनाम केले, हे मला ठाऊक आहे. पण हमालाने किती पोती उचलली हे त्या काळी मुकादम कागदावर टिपत असे. आज प्रत्येक ऑर्डर, प्रत्येक मिनिट आणि प्रत्येक किलोमीटर कंपन्यांच्या संगणकात आपोआप नोंदला जातो. एका माणसाने कोणत्या अ‍ॅपसाठी किती वेळ दिला याचा हिशेब जुळवणे १९६९ मध्ये जितके कठीण होते, त्याच्या शंभराव्या हिश्शानेही आज कठीण नाही. नोंदी मंडळापुढे ठेवण्याची सक्ती तेवढी हवी.

परदेशांत काय घडले ते थोडक्यात सांगते, कारण तिथेही वाद नेमका वेळेच्या मोजमापावरच अडला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबरच्या चालकांना कामगार मानले आणि आपल्या क्षेत्रात लॉगिन करून फेरी घेण्यास तयार असलेला वेळ हा कामाचाच वेळ आहे, असे म्हटले; तरीही कंपनीने त्यानंतर किमान वेतनाची हमी दिली ती फेरी स्वीकारल्यापासूनच्या वेळेपुरती. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०२० मध्ये मतदारांच्या कौलाने जो कायदा झाला, त्यात किमान वेतनाच्या १२० टक्के अशी ऐकायला मोठी वाटणारी हमी आहे, पण ती फक्त फेरीवर असतानाच्या वेळेला लागू आहे. याउलट न्यूयॉर्क शहराने अ‍ॅपवरच्या टॅक्सीचालकांसाठी २०१९ पासून जो दर लागू केला त्यात चालक एकूण वेळेच्या किती हिश्शात प्रवासी घेऊन धावतो हे प्रमाण मोजले आणि रिकाम्या वेळेची भरपाई होईल अशा बेताने मिनिटाचा व मैलाचा दर वाढवला. खर्च वजा जाता तासाला १७.२२ डॉलर चालकाच्या हाती राहावेत, असे तेव्हाचे गणित होते. जेवण पोचवणाऱ्यांसाठीही त्या शहराने २०२३ मध्ये तासाला १७.९६ डॉलरचा किमान दर आणला, आणि एप्रिल २०२५ मध्ये तो २१.४४ डॉलरवर नेला. तिथेही कंपन्यांनी पळवाट काढली: मागणी कमी असताना चालकांना अ‍ॅपमधून तात्पुरते बाहेर ठेवण्याचे प्रकार २०२४ मध्ये सुरू झाले, म्हणजे रिकामा वेळ मोजलाच जाऊ नये. आपल्याकडे कायदा करताना ही पळवाट आधीच ध्यानात घ्यावी, एवढ्यासाठी तिचा उल्लेख केला.

प्रवासी वाहतुकीच्या बाबतीत आपल्या सरकारांनी निम्मी वाट चाललेली आहे, हे मान्य करायला हवे. केंद्राने जुलै २०२५ मध्ये जी सुधारित मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांत स्वतःची गाडी असलेल्या चालकाला भाड्याचा किमान ८० टक्के वाटा मिळावा असे आहे, आणि महाराष्ट्राच्या अ‍ॅग्रिगेटर धोरणातही त्याच धर्तीची तरतूद आहे. परंतु ८० टक्के कशाचे, हा प्रश्न उरतोच. भाडेच इतके खाली आणले की पेट्रोल किंवा सीएनजी भरून काही उरू नये, तर त्याचे ८० टक्के काय आणि १०० टक्के काय! काही अ‍ॅपनी तर टक्केवारी सोडून चालकाकडून दिवसाचे ठरावीक शुल्क घेण्याची पद्धत सुरू केली आहे. तीत भाडे पूर्ण चालकाचे असते, पण ज्या दिवशी गिऱ्हाईक मिळत नाही त्या दिवसाचा तोटाही पूर्ण चालकाचाच असतो. त्याच केंद्रीय तत्त्वांत एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. प्रवाशाला घ्यायला रिकामे जाण्याचा खर्च भरून निघावा म्हणून मूळ भाडे किमान ३ किलोमीटरचे धरावे, असे त्यांत म्हटले आहे. म्हणजे रिकामे धावणे हाही कामाचा भाग आहे, हे तत्त्व सरकारने टॅक्सीच्या बाबतीत लेखी मान्य केले आहे. तेच तत्त्व मोटारसायकलवरून जेवण नेणाऱ्याला आणि रिकाम्या किलोमीटरबरोबर रिकाम्या तासालाही लावावे, यात अतिरेकी मागणी ती कोणती?

‘दहा मिनिटांत घरपोच’ या घोषणेबद्दल मागच्या हिवाळ्यात बरीच चर्चा झाली. ३१ डिसेंबर २०२५ रोजी देशातील अनेक शहरांत डिलिव्हरी कामगारांनी संप केला आणि त्यानंतर जानेवारीत केंद्रीय श्रममंत्री मनसुख मांडविया यांनी कंपन्यांशी बोलणी केल्यावर ती घोषणा जाहिरातींतून काढली जाऊ लागली. घोषणा गेली हे चांगलेच झाले. परंतु मुलगा सिग्नल तोडून गाडी पळवतो तो जाहिरातीतल्या आकड्यामुळे नव्हे. जेवढ्या ऑर्डरी जास्त तेवढेच पैसे, आणि ठरावीक संख्या गाठली तरच इन्सेंटिव्ह, या रचनेमुळे पळवतो. अठराव्या ऑर्डरवर असताना विसाव्या ऑर्डरचा इन्सेंटिव्ह पंधरा मिनिटांवर आलेला असतो, तेव्हा पोर काय करणार? तासाला एक ठरावीक रक्कम नक्की हातात पडणार आहे, असे त्याला ठाऊक असेल तर तो लाल दिव्यापाशी थांबेल. रस्ता सुरक्षेची चिंता करणाऱ्यांनी किमान वेतनाच्या मागणीकडे या बाजूनेही पाहावे.

दर वाढतील, ऑर्डरी घटतील आणि आहे तेही काम जाईल, ही भीती अनेकांनी बोलून दाखवली आहे, आणि भाच्यालाही ती आहे. दर काही प्रमाणात वाढतील, हे मी नाकारत नाही. माझ्या दारात जेवण आणून देणाऱ्या माणसाला त्याच्या वेळेचे पैसे मिळावेत यासाठी ऑर्डरमागे काही रुपये अधिक द्यावे लागले तर ते मी देईन, आणि ज्यांना ते द्यायचे नाहीत त्यांनी हॉटेलपर्यंत चालत जावे. स्वस्ताई कुणाच्या तरी पेट्रोलवर आणि कुणाच्या तरी मणक्यावर चालली असेल तर तिला व्यवसायाचे यश म्हणू नये. ऑर्डर न घेता नुसते लॉगिन करून बसणाऱ्याचे काय, असेही विचारले जाते. त्याला हमी देऊ नये. योग्य प्रमाणात ऑर्डरी स्वीकारण्याची अट घालावी. पाने घेऊन न वळणाऱ्या बाईला हजारी दर कधी मिळाला नाही आणि तिने तो मागितलाही नाही.

खाते बंद करण्याच्या प्रकाराबद्दल दोन वाक्ये लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण किमान वेतनाशी त्याचा थेट संबंध आहे. भाच्याचा आयडी एकदा सहा दिवस बंद झाला होता. कारण विचारले तर फोनवरून यंत्राने ठरावीक उत्तर दिले, आणि सहाव्या दिवशी तो जसा बंद झाला तसाच काही न सांगता सुरू झाला. हक्क मागणाऱ्याचा आयडी क्षणात बंद करता येत असेल तर किमान वेतनाचा दावा कोण लावणार? कर्नाटकाच्या कायद्यात लेखी कारण आणि १४ दिवसांची पूर्वसूचना दिल्याशिवाय काम थांबवता येणार नाही, अशी तरतूद आहे. ती महाराष्ट्राने जशीच्या तशी घ्यावी.

श्रम हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो, त्यामुळे दिल्लीकडे पाहत बसण्याचे राज्याला कारण नाही. महाराष्ट्र शासनाने माथाडी कायद्याच्या धर्तीवर अ‍ॅप-आधारित कामगारांसाठी स्वतंत्र कायदा करावा. त्यात लॉगिनच्या तासाला, वाहनाचा खर्च वजा जाता, किमान दराची हमी द्यावी. शहरातील सर्व कामगारांचा ऑर्डरवरचा आणि रिकामा वेळ एकत्र मोजून त्यावरून ऑर्डरचा व किलोमीटरचा दर बांधावा. आणि इतर उद्योगांत विशेष भत्त्याची फेररचना जानेवारी व जुलैमध्ये जशी होते, तशी ती पेट्रोलच्या आणि महागाईच्या आकड्यांनुसार इथेही व्हावी. दर ठरवण्याच्या समितीवर कंपन्या व शासन यांच्याबरोबर प्रत्यक्ष गाडी चालवणारी माणसे असावीत आणि त्यांत बायकाही असाव्यात, कारण या कामात आता पुष्कळ मुली आहेत आणि रस्त्यावर बारा तास काढताना स्वच्छतागृह कुठे शोधायचे हा प्रश्न समितीतल्या पुरुषांना सुचणार नाही.

अशी समिती नेमली गेली तर भाच्याची ती वही मी तिच्यापुढे ठेवायला तयार आहे. पंधरा दिवसांची प्रत्येक वेळ तीत लिहिलेली आहे, आणि बेरजा मी दोनदा तपासल्या आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त हिशेबनीस
सिन्नर, जि. नाशिक